सदाफुलीवर भरलेला डोळा

वऱ्हाडातल्या मालेगावला एसटीतून उतरलो तेव्हा झोळीत टिपकागद, कात्री आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभेल एवढा अहंकार होता. एकोणऐंशीचा हिवाळा. रानातली औषधी झाडं गोळा करायला निघालो होतो. मुक्काम जवळच्या गावात, सुदामभाऊंकडे. संत्र्याची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

त्यांच्या पत्नी शांताबाईंना मधुमेह. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात गार ठेवलेली असे. जेवताना भाकरी, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. ही सुई जन्मभर टोचायची का, असं त्यांनी विचारलं आणि मला चेव आला. परदेशात माणसाचा गुण (जनुक) जंतूंत घालून हेच औषध बनवलंय, उद्या झाडांतही बनेल, असं सांगून मी अंगणातल्या सदाफुलीकडे बोट दाखवलं.

"समजा, हिच्यात माणसाचा गुण भरला. मग पाला खाल्ला की झालं!"

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीर गाठलं. दर्ग्यापलीकडच्या माळावर दोन दिवस मजेत हिंडलो. मग चुकीच्या एसटीत बसल्यामुळे रिसोडही पाहून झालं.

पाचव्या दिवशी परतलो, तर शांताबाई खाटेवर पडलेल्या. श्वास खोल, ओठ कोरडे, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. सुई दिली का, विचारलं. सुदामभाऊ मला अंगणात घेऊन गेले. सदाफुलीच्या खोडाला चिंधी बांधली होती, कलमाला बांधतात तशीच. तसलीच चिंधी त्यांच्या करंगळीला.

"डोळा भरला (कलम केलं), सर. माह्या रगताचा. मले साखर नाही ना. जंबेरीवर (आंबट रानलिंबू) संत्र येते, तं हे काहून नाही येनार?"

चार दिवस सुई बंद होती. शांताबाई पाला खात होत्या.

"अहो, मी 'समजा' म्हणालो होतो."

"हो. समजलो ना आमी."

जीप मिळवून वाशीम गाठलं. डॉक्टरांनी सुदामभाऊंना एका शब्दानं बोल लावला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, तुम्ही तर शिकलेले दिसता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दुपारी शांताबाईंनी डोळे उघडले. मी माफी मागितली, तर उलट त्यांनीच माझी समजूत घातली.

"घाई आमचीच झाली, सर. चार दिवसांत कलम लागते का कुठं?"

मी हादरलोच. निघताना सुई सोडू नका म्हणून सातदा बजावलं. दोघांनी सातदा मान डोलावली. पुण्याच्या गाडीत बसलो तरी ती चिंधी डोळ्यांपुढून हलेना. समजलं का, एवढं विचारायचं धैर्य मात्र मला झालं नव्हतं.