माझ्या मांडीवरची पिशवी

भिंगारजवळच्या मैदानावर बँड पथकांची दिवसभर स्पर्धा होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले एक मामा मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून गंभीर बसले होते. पहिला बँड सुरू झाला आणि त्यांनी ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "एवढी धरा ताई," म्हणाले, आणि थेट स्टेजपुढं जाऊन हात वर करून नाचू लागले. बँड थांबल्यावर परत आले, टोपी सारखी केली आणि कागदावर पेन्सिलीनं एक खूण केली. दुसऱ्या बँडला तेच, तिसऱ्यालाही तेच. भर दुपारी माणसं मांडवाच्या सावलीला सरकली, तरी मामा क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडापुढं गिरक्या घेतच होते. इकडं बसल्या जागी ताल धरून धरून माझे पाय भरून आले.

संध्याकाळी न राहवून मी विचारलं, "मामा, तुम्ही परीक्षक आहात का?"

"न्हाई वो. लेकीच्या लग्नाला बँड ठरवायचाय. ती म्हनली, आप्पा, तुमी जल्मात कधी नाचला न्हाई. ज्या बँडवर तुमचे पाय उचलतील, तोच सांगून या." त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. अकराच्या अकरा नावांपुढं खूण होती. "आता घरी काय सांगू?"

तेवढ्यात बाराव्या बँडचा ढोल घुमला. मामांनी पिशवी पुढं केली. या वेळी मी ती खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.