काळुराम चिखल तुडवतो

पेणच्या खाडीकडचा काळुराम जन्मभर मिठागरात राबला. तिथे औषधाला झाड नाही. लांबून येणारा माणूस नुसत्या चालीवरून ओळखावा असा उघडा मुलूख. पुढे त्याला स्किझोफ्रेनिया झाला आणि डोक्यात एक मुकादम येऊन बसला. "काल्या, कामचोरा, ऊठ!" दिवसभर खेकसायचा. गोळ्यांनी त्याचा आवाज खाली आला, बंद नाही झाला. काळुराम तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता.

म्हणून बायकोने, सगुणाने, त्याला अशा रुग्णांना दर गुरुवारी रोह्यापुढच्या रानात ध्यानाला नेणाऱ्या गटात घातलं. गाडीतच बजावलं, "आज एकदा बसून बघा. नाय जमला तर परत नाय बोलणार. मग झोपा खुशाल भिंतीशी."

रानात समुपदेशक प्रणिताताई होत्या. आवाज असा, की तान्ह्या बाळाला वेगळी अंगाई नको. "डोऽऽळे मिटा. श्वास आऽऽत. शांतता ऐऽऽका."

बाकी सहा जणांनी ऐकली. काळुरामला त्या शांततेत मुकादमच भोंगा लावल्यासारखा ऐकू येऊ लागला. शिवाय झाडांआड कोण उभंय, दिसेना. तो ताडकन उठला.

"चल गो घरी. हितं तो जास्तच बोंबलतोय."

सगुणा पिशवी उचलून मागे निघाली.

गाडीकडे जाताना ओढा लागला. काठाला काळा, मऊ चिखल. काळुराम थबकला, चपला काढल्या आणि मिठागराचा तळ पायांनी घट्ट करतात तसा तुडवू लागला. थप, थप, सरकत, ओळीत.

"अवो, काय करताय?"

"तळ कच्चा हाय."

प्रणिताताई धावत आल्या, मागे सगळा गट. "काका, इथे आपण काऽऽही करायचं नाहीये ना."

"ते तुम्ही करा."

गटातला, सकाळपासून गप्प असलेला वरसे गावचा विशाल चिखलात उतरला. मग बाकीचेही. शेवटी ताईंनी सलवार वर दुमडली.

"टाच नको गो मारू, ताई! खड्डं पडतात. तळवा टेक!"

सगुणाने हळूच विचारलं, "मुकादम?"

"बोलतोय. पन दम लागलाय त्याला."

पाय धुऊन काळुरामने तुडवलेल्या पट्ट्याकडे मालकाच्या नजरेने पाहिलं. "पुढच्या गुरवारी गाडी लवकर काढायला सांग. ऊन खाऊन भेगा पडतील, परत तुडवायला लागल."