मातीची कबर

ईस्टरच्या पहाटे आमच्या गावची ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेसाठी कबरस्थानात जमते. यंदा बहुतेक कबरींवर नव्या फरश्या चमकत होत्या. शेजारच्या शांतामावशींच्या यजमानांची कबर तेवढी मातीची. मावशी तिच्यावर झेंडूची फुलं मांडत होत्या.

मी विचारलं, "मावशी, मुलानं ग्रॅनाइट आणलंय ना? बसवलं नाही?"

"नको रे बाबा. ह्यांचे गुडघे किती दुखायचे, ठाऊक आहे ना तुला? उठायच्या दिवशी एवढं ओझं कसं सरकवणार?"

मला हसू आलं, आणि तसंच ओसरलं. पुनरुत्थान आणि तारण यांवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकतोय. येशू मेलेल्यांतून उठला, हे मी मानतोच. पण त्याच्यामागून आपल्या ओळखीचं, गुडघे दुखणारं माणूसही उठणार आहे, म्हणून कधी काही तयारी केली नाही. मावशींनी केली होती, घरचं माणूस यायचं म्हणून दाराची कडी काढून ठेवावी, इतक्या सहज.

उजाडलं. पाळक म्हणाले, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सगळ्यांत मोठा आवाज मावशींचा होता. मग त्या वाकल्या आणि कबरीवरचा एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला.