सावलीत वाळवलेला चीक

आमचा चहाचा थर्मास मी जंतांसाठी घेतला, त्या दिवसापासून आईने त्याला स्वयंपाकघर बंद केलं. दर बुधवारी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या खाटकाकडून शेळीच्या पोटातले जिवंत जंत घ्यायचे, कोमट मिठाच्या पाण्यात थर्मासात भरायचे आणि अमरावतीची प्रयोगशाळा गाठायची, हा माझा नेम होता. "लोकं मटन नेतात, तुमी जंत नेता," खाटीकमामा म्हणायचे.

कच्च्या पपईच्या चिकाने हे जंत मरतात, हे मला सिद्ध करायचं होतं. लहानपणी माझी लाडकी शेळी जंतांनी गेली. दुकानातलं औषध दोनदा पाजूनही गेली. तो राग अजून गेलेला नाही.

पण दोन महिने झाले, जंत माझ्या चिकात मजेत वळवळत होते. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही तर संशोधनाचा विषय बदला."

चीक मी गच्चीवर वाळवत होते. प्रयोगशाळेतलं वाळवायचं यंत्र बंद होतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे गच्ची असताना यंत्र हवं कुणाला? कुरडया वाळतात, मग चीक का नाही? एक दिवस कुरडयांशेजारी माझ्या बशा पाहून आईने कपाळाला हात लावला.

"काहून वं, औषधाचं उनात ठेवते का कोणी? अडुळशाचा पालाही आपण सावलीतच वाळवतो. उनानं सत जाते त्याचं."

मला स्वतःचीच लाज वाटली. चिकातलं जंताची कातडी पचवणारं द्रव्य उष्णतेने निकामी होतं, हे मी शंभरदा वाचलं होतं. पण अकोल्याचं ऊन मला कधी उष्णता वाटलंच नव्हतं. ते घरचंच होतं.

नवा चीक काढला, घरात पंख्याखाली वाळवला. पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत चिकातला एकही जंत हलत नव्हता. नुसत्या मिठाच्या पाण्यातले मात्र वळवळत होते. सर भिंगातून बराच वेळ पाहत राहिले.

"अजून पाच वेळा करून दाखवा. शेळीला पाजायचं मग बोलू."

"आणि विषय?"

"तोच."

मी आईला फोन लावला. तिने विचारलं, "मंग, शेळीचं औषध झालं?"

"नाही. बशीतले जंत मेले फक्त. अजून पुष्कळ बाकी आहे."

"थर्मास घरी घेऊन ये. इथं सैपाकघरातल्या ओट्यावर गरम पाण्यानं धुऊ. बुधवारी लागन तुले."