घरतसाहेबांची साक्ष

घरतसाहेब टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायचे. आमचे फ्लॅट समोरासमोर. संध्याकाळी मी त्यांच्या बायकोकडे, सुलभावहिनींकडे चहाला गेले की पडद्यावर चार माणसं एकमेकांवर ओरडताना दिसायची आणि खोलीत आवाज फक्त पंख्याचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आवाज घालवला की चेहरा नीट दिसतो. सरकारी नोकरीत माणसं अशीच ओळखायला शिकलो."

ते मुंबईत एका खात्यात उपसचिव होते. मूळचे मोरा बंदराच्या अलीकडच्या एका गावातले, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. त्या गावातून एवढ्या वर गेलेला पहिला माणूस. रविवारी गावाकडची मंडळी पनवेलला त्यांच्याकडे यायची, कुणाचा दाखला अडलेला, कुणाचा सातबारा. सोबत पिशवीत जिताडा नाहीतर बोंबील. पायाला चिखल असला तरी साहेब त्यांना सोफ्यावरच बसवत. "आलेल्याला आधी बसू द्यावं, पाणी द्यावं. काम काय पळून जातंय?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ते स्वतःही घोटभर पाणी पीत. "घसा ओला असला की हात सावकाश चालतो," असं त्याचं कारण.

आमच्याशी ते शुद्ध, ऑफिसातलं मराठी बोलत. धाकटा भाऊ नामदेव आला की मात्र दोन मिनिटांत 'आमी-तुमी' सुरू व्हायचं आणि साहेबांचा चेहरा दहा वर्षांनी लहान व्हायचा.

मग मध्येच काही रविवार ते घरी दिसेनासे झाले. गावाकडची माणसं येऊन बसून परत जायची. वहिनी म्हणायच्या, "नेऱ्याला गेलेत, साहेबांबरोबर." साहेब म्हणजे त्यांच्या खात्याचे सचिव. आम्ही कुणी जास्त विचारलं नाही.

मग एक दिवस भानगड बाहेर आली तेव्हा आम्हाला कळलं की नेऱ्याला एका बिल्डरच्या फार्महाऊसवर जेवणं होत होती. त्यांच्या खात्याचे मंत्री, सचिव, घरतसाहेब, आणि एका परक्या देशाच्या वकिलातीतले लोक. त्या देशाच्या सरकारी कंपनीला खाडीकाठची जमीन हवी होती. परक्या सरकारच्या माणसांना भेटलं की वर कळवावं लागतं. यातल्या एकानेही कळवलं नव्हतं. जाहीरपणे मंत्री सांगत होते, असा कुठलाही प्रस्ताव नाही.

त्या दिवशी सकाळपासून सगळ्या चॅनलवर एकच फोटो होता. आंब्याखाली खुर्च्या, गोरे पाहुणे, मंत्री हसतायत आणि घरतसाहेब वाकून एका पाहुण्याला काहीतरी समजावतायत. मी गेले तेव्हा ते तो फोटो बघत बसले होते. आवाज बंदच होता.

"अहो, काय म्हणतायत ते तरी ऐकू द्या," वहिनी म्हणाल्या.

"काय ऐकायचं? मी तिथे काय बोललो ते मला माहीत आहे."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मीही घरी जाऊन कुकर लावला. त्या दिवसांचं मला असंच आठवतं. फार मोठं काहीतरी घडत होतं आणि आम्ही सगळे भाजी निवडत होतो, इस्त्रीचे कपडे मोजून घेत होतो.

दोन दिवसांनी दुपारी सचिव स्वतः आले. वहिनी आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत, म्हणून चहा मी नेला.

"घरत, आपण वास्तुशांतीला गेलो होतो. जेवायला," सचिव सांगत होते. "मंत्रीही तेच सांगणार आहेत. तुम्हीही चौकशीत एवढंच म्हणायचं. जेवलो आणि आलो. जेवलो होतोच ना आपण?"

घरतसाहेबांनी कप त्यांच्यापुढे सरकवला. मग परक्या माणसासमोर कधीही न येणारी त्यांची गावची बोली बाहेर आली.

"जेवलो तं हाय, साहेब. पन बोललो पन हाय."

"तुमची पेन्शन, मुलीचं लग्न, सगळ्याचा विचार करा."

"केला. दोन दिवस तेच करतोय."

सचिव चहा न घेता गेले. साहेबांनी तो कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला.

चौकशी समितीपुढे त्यांनी सगळं सांगितलं. किती वेळा भेटलो, कोण होतं, काय बोलणं झालं. मला कळवायला हवं होतं, मी कळवलं नाही, हेही सांगितलं. आणि कुणी विचारण्याआधीच आणखी एक गोष्ट सांगितली. पाहुण्यांना हवी असलेली जमीन घरतसाहेबांच्याच गावची होती. तिथलं कुठलं घर जमीन लवकर देईल, कुठलं अडून बसेल आणि अडणाऱ्याला कुणाच्या मार्फत वळवता येईल, हे त्यांनीच त्या आंब्याखाली समजावून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात ते सगळं वाचून नामदेव आला. सोफ्यावर बसला नाही, दारातच उभा राहिला. मी माझ्या दारात होते.

"दादा, त्या पावन्यांना आमची नावा सांगितलीस?"

"सांगितली."

"माजं पन?"

"तुजं पयलं."

नामदेवने मान हलवली. जिन्यावरून खाली उतरताना त्याच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. साहेब दार लावायचं विसरून तसेच उभे होते. शेवटी मीच जाऊन ते ओढून घेतलं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मंत्र्यांचं खातं बदललं. सचिवांची बदली झाली, ती बढतीवरच. कबुली एकट्या घरतसाहेबांची होती, म्हणून निलंबित तेवढे ते झाले. जमिनीचं प्रकरण थांबलं, की नुसतं दुसऱ्या नावाने सुरू राहिलं, कोण जाणे. सोसायटीत त्यांना कुणी वाईट बोललं नाही. लिफ्टमध्ये लोक मोबाइल बघायला लागत, एवढंच. रविवारी बेल वाजायची बंद झाली. मी एकदा धीर करून विचारलं, "खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं, असं वाटतं का कधी?"

"वाटायचं ते सगळं वाटून झालं," ते म्हणाले. "आता दात घासतो, पेपर वाचतो, जेवतो. त्रास काही नाही. तीच तर गंमत आहे."

गेल्या उन्हाळ्यात दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. वहिनींना काही सुचेना, म्हणून नामदेवला फोन मी केला. त्याने कधी, कसं ते विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "गावाला आना. हितंच करू."

आम्ही त्यांना घेऊन गेलो. गावात शिरताना मी काचेतून बघत होते. कुणी दार लावून घेतलं नव्हतं. माणसं बाहेर येऊन उभी होती, पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत. अग्नी नामदेवने दिला. रडलं मात्र कुणी नाही, वहिनीसुद्धा नाही.

परत निघताना नामदेवच्या बायकोने, यमुनाने, मला पाण्याचा तांब्या दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाकी सगळे खोटं बोलले. हे एकटेच खरं बोलले हो."

"बोलला ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सरकारला समदा सांगितलान. आमच्या वट्यावर दर म्हयन्याला येऊन बसत व्हता, आमच्या हातचा जेवत व्हता. आमाला येक दिस सांगितला नाय."

मी पाणी प्यायले आणि तांब्या परत दिला. गाडीत वहिनींनी विचारलं, यमुना काय म्हणत होती. काही नाही, पाणी देत होती, असं मी सांगितलं.