एका किल्लीसाठी दोन अर्ज

आमच्या सोसायटीत हल्ली माझी सख्खी बहीण आली तरी फाटकावर तिचा फोटो काढतात. बँकेत अंगठा, रेशनला अंगठा, आणि परवा वाचनालयातसुद्धा आधार मागितलं तेव्हा माझं डोकंच सणकलं. ऑफिसातली मैत्रीण विद्या हसून म्हणाली, माझ्या मामाच्या गावाला जाऊन ये, अमडापूरजवळ. तिथे धरणाचं पाणीसुद्धा गाव आपलं आपण वाटून घेतं, सरकारला विचारत नाही. झालं! दिवाळीचे पाहुणे गेले त्याच दिवशी मी बॅग भरली.

पुण्याहून जायचं तर जालन्याला गाडी बदला आणि मुक्काम देऊळगाव राजाला करा. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली साधी पण स्वच्छ मिळते, सकाळी बालाजीचं दर्शन घेऊन चिखलीची गाडी पकडता येते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. सरकारवर चिडून निघालेली मी सरकारच्याच कृपेने अर्ध्या पैशात चालले होते, हे लक्षात यायला जालना मागे पडावं लागलं. स्वतःशीच हसले आणि चहा प्यायला उतरले.

चिखलीहून अमडापूरकडे रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना तूर उभी, कपाशी फुटलेली. भास्करमामा फाट्यावर मोटरसायकल घेऊन आले होते. साठीचे गृहस्थ, सारं गाव त्यांना मामाच म्हणतं, धरणाच्या भिंतीला लागूनच त्यांचं शेत. त्या संध्याकाळी मामींनी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी केली. तुपात बुडवलेला रोडगा खाताना डाएट वगैरे शब्द तोंडातून काढू नयेत, एवढंच सांगते.

जेवताना मामांनी सगळं समजावलं. छोटं धरण, एक पाट, एक गेट आणि गेटाला एक कुलूप. पाणी सोडणारा सरकारी माणूस कित्येक वर्षांत फिरकला नाही, म्हणून दिवाळीनंतर मारुतीच्या पारावर बसून गावच पाण्याच्या पाळ्या लावतं. किल्ली मामांच्या घरात, देवाच्या कोनाड्यात. पण आता नवा हुकूम निघाला होता की किल्ली पाटबंधारे खात्याकडे द्या. परवा ग्रामसभा होती, खात्याचे साहेब गावाचं म्हणणं ऐकायला येणार होते.

"मांगं एकदा किल्ली त्याहीच्याकडं होती," मामा म्हणाले. "साहेब गेला सुट्टीवर अन् आमचा गहू उभ्यानं वाळला. गावाचं पानी, अन् परवानगी कोनाची?"

मला तर हेच ऐकायचं होतं! सकाळी ओसरीवर बसून मी झकास अर्ज लिहून दिला. 'गावाचा कारभार गावाने करावा' हे वाक्य मामांनी मला तीनदा वाचायला लावलं.

दुपारी पाटाच्या कडेने फिरायला निघाले. धरणापासून अर्धा तास चाललं की पाट संपतो, तिथे अडीच एकर हरभरा आणि एक बाई खुरपत बसलेल्या. शांताबाई. मागच्या आळीत दारावर पंचशील ध्वज लावलेली घरं आहेत, त्यातलं एक त्यांचं. पुण्याची बाई अर्ज लिहून देते ही बातमी माझ्याआधीच तिथे पोचली होती.

त्यांनाही अर्ज हवा होता. किल्ली सायबाले द्या, असा. मी चाटच पडले. पाळी धरणापासून खाली उतरते, म्हणजे मामांचं शेत पहिलं आणि शांताबाईंचं शेवटचं. त्यांच्यापर्यंत येईतो पाट आटतो, आणि जे काही ओघळतं ते रात्रीच्या वेळी. मी आपलं पुणेरी शहाणपण पाजळलं, की अहो, पण गावाचा हक्क जाईल.

शांताबाईंनी खुरपं खाली ठेवलं. "गाव गाव म्हनता ताई, पन गाव म्हंजे कोन? पयली पाळी आमच्या आळीले कधीच भेटली नाही. सायबाच्या कागदावर नंबर तरी राहीन."

लिहिला. दुसराही अर्ज लिहिला, आणि तोही मनापासून लिहिला. परत येताना पाटात पाय सोडून बसले आणि स्वतःलाच विचारलं, बाई गं, तू नक्की कोणाची?

ग्रामसभेत ग्रामसेवकांनी दोन्ही अर्ज वाचले आणि म्हणाले, अक्षर तर एकच आहे. अख्खी सभा माझ्याकडे वळली. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी विचारलं, मॅडम, तुमचं मत काय? मी म्हटलं, दोन्ही अर्ज खरे आहेत. साहेब माणूस सज्जन होता. त्याने शांतपणे विचारलं, हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

तेवढ्यात शांताबाई उठल्या. "माहा अर्ज मी मांगं घेतो. किल्ली गावातच राहू द्या. पन यंदा पानी खालून वर येऊ द्या. पयले आम्हाले, मंग मामाले."

सगळे मामांकडे पाहू लागले. फक्त 'हो' म्हणायचं होतं हो! मी मनात देव पाण्यात घातले. मामा म्हणाले, आज्यापासूनची रीत आहे, ती मोडणार नाही. मग जी जुंपली ती जुंपलीच. दोन तासांनी साहेबांनी घड्याळ पाहिलं, तुमचं एकमत होईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील असं लिहून घेतलं, मामांच्या कोनाड्यातली किल्ली मागवून खिशात टाकली आणि जीप निघून गेली.

परतताना बुलढाण्यावरून गेले. तिथे रेल्वे नाही, घाट उतरून मलकापूरला गाडी धरावी लागते. निघताना गावच्या फाट्यावर शांताबाई हरभऱ्याची खुडलेली भाजी घेऊन आल्या होत्या. "आता मामा अन् मी सायबाच्या एकाच दारात उभे राहू, ताई. बराबरी झाली म्हना." त्या हसल्या, मला हसता आलं नाही.

घरी आल्यावर फाटकावर माझाच फोटो काढला, तेव्हा चिडायचंही विसरले. भाजी निवडत बसले होते तर मामांचा फोन. अबोला धरतील वाटलं होतं, पण आवाज मऊ होता. हरभरा मान टाकून राह्यला, आठ दिवसांत पाणी पाहिजे. साहेब म्हणतो, दोघांच्या सहीचा एकच अर्ज आणा, किल्ली देतो. शांताबाई शेजारीच बसल्या होत्या. तुम्हीच लिहा, मामा म्हणाले.

मी विचारलं, मग पाणी खालून सोडायचं ना?

मामा म्हणाले, "तेवढं सोडून बाकी सारं लिहा."

मागून शांताबाईंचा आवाज आला. "तेवढंच लिहा."

चार दिवसांत कागदावर 'विषय' एवढा एकच शब्द लिहून झालाय, आणि तिकडे हरभऱ्याचे चार दिवस उरलेत.