माळावरचं राज्य आणि उपरण्याखालचा सौदा

तलवाड्याच्या पलीकडच्या माळावर वर्षातून तीन दिवस एक राज्य उभं राहतं. शहरातली साठेक माणसं येतात, मोबाईल पेटीत टाकतात आणि कोणी लोहार होतं, कोणी सरदार, कोणी वैद्य. हे राज्य कुठल्या इतिहासात नाही, त्यांनी ते कल्पनेनं रचलंय. राहायचं मात्र जुन्या काळासारखं: मशाली, मातीची भांडी, जात्यावरचं पीठ. याची सगळी जुळवाजुळव मी करतो. माझा मंडपाचा धंदा आहे. त्याआधी वीस वर्षं मी बैलबाजारात हेडी होतो, म्हणजे जनावरांचे सौदे जुळवायचो.

मागच्या वर्षी राहुट्या, बैलगाड्या, रांजण सगळं मीच आणलं. संध्याकाळी दरबार भरला तेव्हा कडेला उभा राहून बघत होतो. संयोजक सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "काका, तुमची शर्ट-पँट फोटोत येतीय. जरा चुलीकडं थांबता का?"

थांबलो. ज्या राज्याचा खुंटा न् खुंटा मी ठोकला, तिथं मला उभं राहायला जागा नव्हती. वर्षभर ते डोक्यातून गेलं नाही. बायको म्हणायची, "भांडायचं हुतं तर तवाच भांडायचं. आता भाजीवर कशाला राग काढता?"

यंदा सर पुन्हा आले. राहुट्या देतो म्हणालो आणि मग अट घातली: दरबारात पुढं बसणार, आणि याच कपड्यात.

"त्याला पात्र लागतं, काका. प्रत्येकजण आपल्या पात्राची दोन पानी कथा लिहितो."

"माझी दोन पानांत मावत न्हाई."

माझा आवाज चढला. सरांनी मला द्वारपाल केलं. म्हणजे पुन्हा बाहेरच. पण राहुट्यांचा शब्द देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा बाजार होता. दुपारभर चालायचा होता. पण प्रत्येक दुकानावर पाटी: एका मडक्याला एक पायली ज्वारी, एका घोंगडीला दोन मडकी. माणसं पाटी वाचत, वस्तू बदलत, हसून आभार मानत आणि पुढं जात. अर्ध्या तासात बाजार आटपला. सर कपाळाला हात लावून बसले.

मला हसू आलं आणि रागही आला. इतकं सगळं जुनं केलं आणि घासाघीसच विसरले. मी दार सोडलं, दोन पाट्या उपटल्या आणि बघायला आलेल्या मामांना, म्हणजे माळाच्या मालकांना, बसवलं. मामांनी जन्मभर बैलं घेतली-विकलीत.

"घोंगडी घेता का, मामा?"

"घोंगडी हाय का पोतं बे?"

मी मामांच्या खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. मामा मान हलवत, मी उठून जायचं सोंग करी, ते शर्टाची बाही धरून मला खाली बसवत. सरदार, वैद्य, लोहार सगळे भोवती गोळा झाले. मग प्रत्येकाला उपरणं पाहिजे झालं. ऊन कलेपर्यंत माळावर घासाघिशीचा कालवा.

गर्दी पांगल्यावर सर माझ्यासमोर उकिडवे बसले. "काका, ही बोटांची रीत मला शिकवा ना."

मी उपरणं पुढं केलं. त्यांनी हात घातला. मी म्हणालो, "आधी मागच्या वर्षीचं."

 भर दरबारात, ढोल थांबवून त्यांची माफी ऐकायची, असं मी वर्षभर ठरवलं होतं. पण उपरण्याखालच्या सौद्यात मोठ्यानं बोलायची रीत नाही. ते पुटपुटले, "तुम्हाला बाजूला करायला नको होतं. चुकलं माझं."

"आन् दरबार?"

"पुढं बसा. याच कपड्यात."

मी त्यांचा पंजा दाबला. सौदा पटला.

रीत शिकवली, पण सगळी नाही. आणा-पैशाच्या खुणा राखून ठेवल्या. संध्याकाळी दरबार भरला. ती पोत्यासारखी घोंगडी मामांनी शेवटी घेतलीच नाही, माझ्याच गळ्यात पडली होती; ती सगळ्यांच्या पुढं अंथरली आणि शर्टाच्या बाह्या सारख्या करून बसलो. फोटो काढणारा आला तेव्हा मी जागचा हललो नाही.